शाळा स्टेटला पोचली, आता काय काय करायचं

शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघाने सेमीफायनल जिंकल्याच्या आनंदाला एक रात्र द्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला लागा, कारण हातात जेमतेम आठवडा असतो. टेक्ससमध्ये शाळांच्या या फुटबॉलचे राज्यपातळीवरचे अंतिम सामने, म्हणजेच 'स्टेट', डिसेंबरच्या मध्यावर, नाताळच्या तोंडावर होतात. नेमक्या त्याच दिवसांत मुलांच्या सेमिस्टरच्या परीक्षा असतात आणि निम्म्या मराठी घरांची भारताची तिकिटंही तेव्हाचीच काढलेली असतात. म्हणून यादीतलं पहिलं काम कॅलेंडरचं. विमान शनिवारी रात्रीचं असेल तर बदलता येतं का ते आजच बघा. मूल बँडमध्ये किंवा ड्रिल टीममध्ये (मध्यंतरात नाचणाऱ्या मुलींच्या पथकात) असेल तर त्याला तिथं असावंच लागतं, आणि 'आम्ही मुंबईला चाललोय' हे बँड डायरेक्टरला गुरुवारी सांगायची गोष्ट नव्हे.

सामना कुठल्या दिवशी आहे हे शाळेच्या वर्गवारीवरून ठरतं. यूआयएल, म्हणजे इथल्या सरकारी शाळांच्या स्पर्धा भरवणारी संस्था, विद्यार्थिसंख्येप्रमाणे शाळांचे 1ए ते 6ए असे सहा गट करते. प्रत्येक गटात दोन विभाग, म्हणजे एकूण बारा अंतिम सामने. ते बुधवार ते शनिवार उरकतात आणि सगळे एकाच मैदानावर होतात: आर्लिंग्टनचं एटी अँड टी स्टेडियम, डॅलस काउबॉइज या व्यावसायिक संघाचं घर. (2015 साली हे सामने ह्यूस्टनला झाले होते, तेव्हा गृहीत धरू नका, ठिकाण एकदा तपासा.) छोट्या शाळा आठवड्याच्या मध्यावर, 6एच्या मोठ्या शाळा शनिवारी. फ्रिस्को, प्लेनो, ॲलन, कॉपेल या डॅलसच्या उपनगरांतल्या आपल्या मंडळींचा संबंध बहुधा शुक्रवार-शनिवारशी येतो. शुक्रवार असेल तर ऑफिसात अर्धी रजा टाका.

तिकीट मोबाइलवर येतं, कागद नसतो. शाळेने किंवा बूस्टर क्लबने (संघाला-बँडला मदत करणाऱ्या पालकांच्या मंडळाने) पाठवलेल्या दुव्यावरूनच काढा. पुनर्विक्रीच्या साइटवर दुप्पट पैसे मोजायचं काही कारण नाही, एवढ्या मोठ्या स्टेडियममध्ये जागा कमी पडत नाही. तिकीट घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये वेगळं पाठवून ठेवा. गेटवर पाच हजार माणसं एकाच वेळी सिग्नल शोधत असतात आणि सहाही तिकिटं ज्यांच्या फोनमध्ये आहेत ते काका अजून गाडी लावत असतात. पार्किंगचा पास वेगळा असतो, तोही आधीच घ्या. आर्लिंग्टनला शहरभर फिरणारी नेहमीची बस किंवा ट्रेन नाही, त्यामुळे गाडीला पर्याय जवळपास नाहीच. शाळा चाहत्यांसाठी बस सोडणार असेल तर त्यात नाव घाला. पैसे वाचतात म्हणून म्हणत नाही. बसमधून उतरणारे साठ-सत्तर लोक एकत्र आत जातात आणि एकत्र बसतात, आणि या सामन्यात सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे.

ते का, हे जरा सविस्तर सांगतो. या स्टेडियममध्ये सुमारे ऐंशी हजार माणसं मावतात. शाळांच्या फायनलला टेक्ससमध्ये झालेली विक्रमी गर्दी 54,347 ची: 21 डिसेंबर 2013, याच मैदानावर, ॲलन विरुद्ध पेअरलँड. ॲलनने तो सामना 63-28 असा जिंकला, क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईची सूत्रं हलवणारा गडी, होता पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेलेला कायलर मरी. म्हणजे विक्रमाच्या दिवशीसुद्धा एक तृतीयांशाच्या आसपास खुर्च्या रिकाम्या होत्या. नेहमीच्या फायनलला त्याहून कितीतरी कमी लोक येतात. वरच्या मजल्यांवर ऐसपैस पसरून बसलेले आठ हजार चाहते खाली मैदानात ऐकूच येत नाहीत, छप्पर त्यांचा आवाज गिळून टाकतं. तेच लोक आपल्या संघाच्या बाकामागे, बँडला खेटून, खालच्या पट्ट्यात बसले तर समोरच्या संघाला एकमेकांचं बोलणं ऐकू येईनासं होतं. किती लोक आले याची चर्चा व्हॉट्सॲपवर फार होते, कुठे बसले याची होत नाही.

म्हणून आपली बाजू कोणती हे आधी विचारा. एका शाळेला यजमान धरतात, दुसरीला पाहुणे. मैदान दोघांचंही नसतं, पण बाजू ठरलेल्या असतात. बँड कुठल्या सेक्शनमध्ये बसणार तो आकडा बँडच्या पालकांच्या गटात हमखास फिरत असतो. विद्यार्थ्यांचा विभाग त्याच्या शेजारी असतो, तिथं आपण घुसायचं नाही, त्यांच्या मागच्या रांगा धरायच्या. आदल्या सामन्याचा शेवटचा क्वार्टर, म्हणजे चौथा भाग, चालू असतानाच आत पोचलात तर तो सामना संपून ते लोक उठले की चांगल्या जागा मिळतात. मात्र त्यांच्या डोक्यावर उभं राहून 'झालं का तुमचं' असा चेहरा करू नका. त्यांचीही फायनलच आहे.

गर्दी जमवायचं काम मात्र गावागावावर अवलंबून असतं. ॲलनला ते सोपं गेलं, कारण सगळ्या शहराची हायस्कूल एकच. त्या शाळेचं स्वतःचं 18,000 खुर्च्यांचं स्टेडियम आहे, 2012 साली सहा कोटी डॉलर्सना बांधलेलं (आणि दोनच वर्षांत काँक्रीटला भेगा पडल्या म्हणून काही काळ बंद ठेवावं लागलेलं, पण ते असो). बँडच सुमारे आठशे मुलांचा. आठशे मुलं म्हणजे आठशे घरं, तिथेच अर्धी गर्दी झाली. फ्रिस्कोने उलटी वाट धरली: एक अवाढव्य शाळा न करता डझनभर मध्यम शाळा काढल्या. मुलांच्या दृष्टीने मला तेच बरं वाटतं, पण फायनलच्या दिवशी शहर बारा रंगांत वाटलेलं असतं. अशा वेळी शेजारच्या शाळांच्या पालकांना उघड बोलावणं करा. महाराष्ट्र मंडळाच्या गटात, क्रिकेटच्या गटात, मंदिरातल्या ओळखीत टाका. ज्यांच्या मुलाशी तुमच्या मुलाचा संघ ऑक्टोबरमध्ये खेळला, ते डिसेंबरमध्ये आनंदाने तुमचा रंग घालून येतात.

रंग ही किरकोळ बाब समजू नका. पांढऱ्याचा दिवस आहे की काळ्याचा की शाळेच्या रंगाचा, हे विद्यार्थी आठवड्याच्या सुरुवातीला ठरवतात आणि मुलंच तुम्हाला सांगतात, फक्त विचारायला हवं. भारतातून आलेल्या आजी-आजोबांसाठी एक जास्तीचा टीशर्ट बूस्टर क्लबकडून घ्या. मोठ्या मापाचा, म्हणजे स्वेटरवरून चढतो. स्टेडियमला छप्पर आहे आणि आत थंडी वाजत नाही, पण पार्किंगपासून दारापर्यंत बरंच चालायचं असतं आणि डॅलसचा डिसेंबर दुपारी कोवळा नि रात्री बोचरा असतो. एकच जाड कोट घालण्यापेक्षा पातळ कपडे एकावर एक घाला, कारण आत काढलेला कोट चार तास मांडीवर घेऊन बसावं लागतं.

पिशवीचा नियम कडक आहे. पारदर्शक पिशवी, 12 बाय 6 बाय 12 इंचांच्या आतली. त्याखेरीज हाताच्या पंज्याएवढं छोटं पाकीट चालतं. पर्स, पाठीवरची सॅक, लॅपटॉपची बॅग गाडीतच ठेवा. गेटवरून परत गाडीपर्यंतची फेरी पहिला क्वार्टर खाते. औषधं मूळ डबीत असू द्या. भोंगे, काठ्या लावलेले फलक, छत्र्या या गोष्टी बहुतेक अडवल्या जातात, तेव्हा त्या वर्षीची नियमावली एकदा डोळ्यांखालून घाला. आत रोख पैसे चालत नाहीत, कार्ड घ्या, आणि दोन भावंडं वेगळी फिरणार असतील तर दोघांकडे एकेक द्या.

खाण्याचं आपलं आपण बघावं लागतं. डबा आत नेता येत नाही. पोटभर जेवून निघा किंवा गाडीत थालीपीठ-दही उरकून मग गेटकडे चला. आत नाचोज आणि पिझ्झा मिळतो. शाळेच्या मैदानांवर सर्रास दिसणारा फ्रिटो पाय (मक्याच्या चिप्सवर ओतलेला चिली नावाचा मसालेदार रस्सा) इथेही दिसला तर शाकाहारी मंडळींनी जपून, त्या रश्श्यात बहुधा बीफ असतं. पाण्याच्या बाटलीची किंमत बघून आजोबा रुपयांत हिशोब करू लागतील, तेव्हा बाटली आधी उघडून हातात द्या.

खेळ समजून घ्यायची तयारी आदल्या रात्री अर्धा तास. सगळे नियम नकोत. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, एवढं कळलं की पुरे. तिसरा प्रयत्न, म्हणजे थर्ड डाउन, हा ओरडण्याचा. आपला संघ बचाव करत असेल आणि समोरच्यांचा थर्ड डाउन असेल तर उभं राहून घसा फोडा. त्यांच्या क्वार्टरबॅकच्या सूचना गड्यांना ऐकू गेल्या नाहीत, एखादा वेळेआधीच हलला, की त्यांचे पाच यार्ड जातात. उलट चेंडू आपल्याकडे असेल तेव्हा शांत बसायचं. हे आपल्या लोकांना सगळ्यात अवघड जातं. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तालमींचे सामने पाहिलेल्या माणसाला आपला गडी चेंडू घेऊन निघाला की ओरडायची सवय असते, आणि इथे नेमकं तेव्हाच तोंड मिटायचं असतं. गोंधळ झाला तर बँडकडे बघा. आपल्या संघाची रांग लागली की बँड वाजवणं थांबवतो, तो थांबला की तुम्हीही थांबा.

ओरडायचं म्हणजे काहीही ओरडायचं नाही. समोर सोळा-सतरा वर्षांची पोरं आहेत, बहुतेकांचा हा आयुष्यातला शेवटचा खरा सामना. कोणाच्या नावाने हुर्यो नको, पंचांना शिव्या नकोत, मराठीतूनही नकोत. पलीकडच्या रांगेत मराठी कळणारं कोणी नसेल अशी खात्री आता टेक्ससमध्ये देता येत नाही.

मूल बँडमध्ये असेल तर खाण्यापिण्याची आणि स्वच्छतागृहाची फेरी दुसऱ्या क्वार्टरच्या मध्यावर उरका. मध्यंतर झालं की सगळं स्टेडियम उठून काउंटरकडे जातं आणि नेमकी तेव्हाच मुलं मैदानात उतरतात. जुलैअखेरच्या उन्हात पार्किंग लॉटवर घोटवलेला तो कार्यक्रम या वर्षी शेवटचा सादर होत असतो. फोनवर चित्रण करायचं असेल तर वरच्या रांगेतून करा, आकृत्या उंचावरून दिसतात. मैदानावर लटकणारा अवाढव्य पडदा पन्नास यार्डांहून लांब आहे आणि नजर सारखी तिकडेच जाते. आजी-आजोबांना त्याचा उपयोग होतो. तुम्ही मात्र स्वतःच्या मुलाला पडद्यावर शोधत बसू नका, कॅमेरा क्लॅरिनेटच्या चौथ्या रांगेकडे वळत नाही.

आपली शाळा फायनलला नसेल तरी एकदा जाऊन यावं, आणि जायचंच तर माझं मत बुधवारचं. त्या दिवशी 1एचे सामने असतात, सहा-सहा गड्यांचे. शंभराच्या आसपास किंवा त्याहूनही कमी मुलं असलेल्या गावकुसाच्या शाळा, अकरा जण उभे करणं अवघड. हा प्रकार 1934 साली नेब्रास्कात स्टीफन एप्लर नावाच्या शिक्षकाने अशाच शाळांसाठी काढला. मैदान लहान, दहाऐवजी पंधरा यार्ड सरकायचं, आणि उत्तरार्धात 45 गुणांची आघाडी झाली की सामना तिथेच थांबतो. या गावांतून आलेली माणसं संख्येने थोडी असतात, पण एका घोळक्यात बसतात, एकमेकांना नावाने ओळखतात, आणि प्रत्येक गड्याला नावाने हाक मारतात. आपल्या बाजूच्या मोठ्या शाळांनी त्यांच्याकडून बसायला शिकावं.

सामना संपायला दोन मिनिटं उरली की पार्किंगच्या धास्तीने उठणारे बरेच असतात. उठू नका. निकाल काहीही लागो, गडी बँडसमोर येऊन उभे राहतात आणि शाळेचं गीत सगळे मिळून म्हणतात. हरलेल्या बाजूला ते जास्त लागतं, आणि रिकाम्या रांगांसमोर रडणाऱ्या पोरांनी ते म्हणावं हे बरं दिसत नाही. उपविजेत्यांनाही पदकं मिळतात, तोपर्यंत थांबा. पार्किंगमधली कोंडी तशीही तासाभराची, ती गाडीत बसून काढण्यापेक्षा खुर्चीत काढलेली बरी.

परतीचं आधी ठरवून ठेवा. बँडची मुलं शाळेच्या बसने परततात, स्टेडियमच्या दारात त्यांना तुमच्या हवाली करत नाहीत. रात्रीचा सामना असेल तर बस शाळेत पोचायला मध्यरात्र उलटते. आजी-आजोबा दुसऱ्या गाडीने घरी जातील अशी सोय करा, टोल टॅगमध्ये पैसे आहेत का ते निघण्याआधी बघा, आणि तुम्ही थेट बँड हॉलकडे या. ट्रकमधून वाद्यं उतरवायला पालक लागतात आणि त्या वेळी नेमके तेच चौघे उरलेले असतात. हातमोजे आणा, सूसाफोनच्या (अंगाभोवती घालून वाजवायच्या भल्यामोठ्या पितळी वाद्याच्या) पेट्या जड असतात.