ऑर्किडच्या शेजारी एअर प्लांट : भिजवणं सोपं, वाळवणं अवघड

ज्यांच्या गॅलरीत ऑर्किड आधीच नांदतंय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. शेडनेट, टांगायला दांडी, सकाळचं कोवळं ऊन हे तुमच्याकडे असणारच. एअर प्लांट म्हणजे टिलँडसिया, अमेरिका खंडातलं, अननसाच्या कुळातलं. ऑर्किडसारखंच झाडावर बसतं, पण झाडाचं काही खात नाही. आमच्या सासूबाई अजून त्याला बांडगूळ म्हणतात. बांडगूळ झाडाचा रस शोषतं, हे नाही शोषत, हे सांगून मी थकले.

दोघं शेजारी मजेत राहतात, फक्त पाणी पिण्याची तऱ्हा वेगळी. ऑर्किड मुळांनी पितं. एअर प्लांटची मुळं नुसती पकड धरायला. पाणी पिते ती पानांवरची रुपेरी लव.

बसवायला न रंगवलेलं सुकं लाकूड आणि तंगूस पुरे. नारळाचं सोडण ऑर्किडला द्या, याला नको, बुडाशी ओल धरून बसतं. तांब्याची तार तर अजिबात वापरू नका, तांबं याला विष आहे. म्हणूनच ऑर्किडवर बोर्डो किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड यांसारखं तांब्याचं बुरशीनाशक फवारायचं असेल, तर एअर प्लांट आधी घरात न्या.

आठवड्यातून एकदा, सकाळी, पातेल्यात वीसेक मिनिटं बुडवा. पावसाचं पाणी उत्तम, नाहीतर नळाचं रात्रभर उघडं ठेवलेलं. ‘आरओचं वाया जाणारं पाणी झाडांना घाला’ असं जो तो सांगतो. त्यात गाळून उरलेले सगळे क्षार असतात. लवेवर त्यांचा पांढरा थर बसला की झाड पाण्यात बसूनही तहानलेलं.

आता वाळवणं. इथेच माझी पहिली सहा आयोनान्था (एअर प्लांटचीच एक छोटी जात) गेली. विकणाऱ्याने सांगितलं होतं, ‘दिवसातून दोनदा फवारा मारा, बाकी काही बघायला नको.’ जुलै महिना, ठाण्यातली हवा, आणि मी इमानेइतबारे फवारत होते. वरून सगळं हिरवंगार, टवटवीत. एक दिवस एक उचलायला गेले, तर पानांचा झुबका हातात आला आणि बूड लाकडावरच राहिलं, काळं, चिकट, सडक्या कांद्याच्या वासाचं. उरलेली पाच तपासली. पाचही तशीच. हे झाड मरतं आतून, आणि तुम्हाला कळतं शेवटी.

कारण साधं आहे. पानांच्या मधोमध जी वाटी असते, तिथे पाणी साचतं आणि कुजणं तिथूनच सुरू होतं. शिवाय ही झाडं श्वासाची छिद्रं रात्री उघडतात. रात्री पानं ओली राहिली तर हवा आत जाणार कुठून? म्हणून संध्याकाळी पाणी देऊच नका, कुणी कितीही सांगो.

पातेल्यातून काढलं की झाड उलटं धरा आणि थर्मामीटर झटकतो तसं चार-पाच वेळा झटका. मग भाजीच्या चाळणीवर उलटंच ठेवून पंखा लावा. चार तासांत मधली पानं बोटाला कोरडी लागली पाहिजेत. नाही लागली तर पुन्हा झटका, पुन्हा पंखा. कंटाळा येतो, मान्य आहे, पण दुसरा उपाय नाही. बल्बोसा जातीचं एअर प्लांट मात्र बुडवूच नका, त्याच्या पोकळ गड्ड्यात शिरलेलं पाणी निघता निघत नाही. त्याला नुसता फवारा. झेरोग्राफिका जातीचं बुडवलंत तर पानांच्या बेचक्या नीट निथळू द्या. आणि काचेच्या गोळ्यात ठेवायची फॅशन आहे ना, ती फोटोपुरती ठेवा.

जून ते सप्टेंबर मी आठवड्याचं बुडवणं बंद करते. पानं आत वळायला लागली तर तहान लागली समजायचं, तेव्हाच पाणी. नागपुरात मे महिन्यात हेच झाड आठवड्याला दोनदा पाणी मागेल, त्यामुळे माझं वेळापत्रक जसंच्या तसं उचलू नका.

आणि जागा. वांडा ऑर्किडच्या टोपलीखाली एअर प्लांट कधीही टांगू नका. वांडाला उन्हाळ्यात रोज पाणी लागतं, ते ठिबकतं थेट खालच्या वाटीत. फॅलेनोप्सिस ऑर्किडच्या वरही नको, त्याचाही शेंडा साचल्या पाण्याने कुजतो. बाजूला, हातभर अंतरावर, वारा खेळेल असं टांगा.

खत ऑर्किडचंच, १९-१९-१९ किंवा २०-२०-२०, पुड्यावर लिहिलंय त्याच्या पाव प्रमाणात, महिन्यातून एकदा बुडवायच्या पाण्यात.

आयोनान्था लाल व्हायला लागलं की घाबरू नका, फूल येतंय. एक झाड एकदाच फुलतं, मग बुडाशी पिल्लं धरतं आणि हळूहळू आटतं. पिल्लू आईच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं झालं की वेगळं करता येतं. मी करत नाही, गुच्छ छान दिसतो. फक्त गुच्छाचा मधला भाग उशिरा वाळतो, तेव्हा पंखा तासभर जास्त लावायचा.