सामायिक खोलीत स्पीकर बसवताना या चुका टाळा

घरातील ध्वनियंत्रणेविषयीचा बराचसा सल्ला ऐकणारा एकटाच आहे, खोली त्याच्या एकट्याची आहे आणि आवाज हवा तितका वाढवण्याची त्याला मुभा आहे, असे गृहीत धरून दिलेला असतो. प्रत्यक्षात स्पीकर असतात त्याच खोलीत कोणी अभ्यास करत असते, कोणी फोनवर बोलत असते आणि भिंतीपलीकडे कोणी झोपलेले असते. अशा खोलीतील मांडणीची कसोटी एकच मानावी, असे माझे मत आहे: आवाज कमी ठेवूनही शब्द आणि सूर स्पष्ट ऐकू आले पाहिजेत. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका नवी खरेदी न करता दुरुस्त करता येतात.

जागा उरेल तिथे स्पीकर ठेवणे

सोफा, टीव्ही आणि कपाट यांची जागा आधी ठरते आणि स्पीकर राहिलेल्या कोपऱ्यांत जातात. एक पडद्यामागे, दुसरा खुर्चीच्या पाठीआड. मग आवाज अस्पष्ट येतो, म्हणून ऐकणारा तो वाढवतो आणि घरातील इतरांची तक्रार सुरू होते. दोन स्पीकरमधील अंतर आणि प्रत्येक स्पीकरपासून बसण्याच्या जागेपर्यंतचे अंतर साधारण सारखे, म्हणजे समभुज त्रिकोणाप्रमाणे असावे. उच्च स्वर देणारा ट्विटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या पातळीवर, जमिनीपासून सुमारे ९० ते १०० सेंटिमीटर उंचीवर असावा. स्पीकर उंच कपाटावरच ठेवावा लागत असेल, तर ट्विटर खाली येईल असा तो उलटा करून पुढे किंचित झुकवावा आणि तो घसरणार नाही अशी पक्की सोय करावी.

सोफ्यावर तीन-चार माणसे बसत असतील, तर दोन्ही स्पीकर आतल्या बाजूला इतके वळवावेत की त्यांच्या दिशा बसणाऱ्यांच्या थोड्या पुढेच एकमेकींना छेदतील. त्यामुळे डाव्या टोकाला बसलेल्या माणसाला जवळचा डावा स्पीकर तिरका आणि दूरचा उजवा स्पीकर समोरून ऐकू येतो, आणि आवाज एकाच बाजूने येत असल्याचा भास कमी होतो. कुटुंबासाठी केलेल्या मांडणीत मधल्या एका खुर्चीचाच विचार करणे मला अन्यायाचे वाटते.

पुस्तकांच्या कपाटात स्पीकर ठेवल्यास त्याचा दर्शनी भाग फळीच्या कडेच्या रेषेत किंवा किंचित पुढे आणावा. तो आत ढकलला की वरची आणि बाजूची पोकळी घुमू लागते आणि बोलणे पिंपातून आल्यासारखे वाटते. आजूबाजूची मोकळी जागा पुस्तकांनी भरावी. ज्या स्पीकरच्या मागे हवेचे छिद्र असते त्याच्या पाठीमागे काही सेंटिमीटर जागा सोडावी. छिद्रासाठी फोमचा बोळा सोबत मिळाला असेल, तर तो अशाच जागेसाठी असतो.

खर्ज घुमतो की हरवतो, हे न तपासणे

शेजारच्या खोलीला खरा त्रास होतो तो खर्जाचा, आणि मांडणी सर्वांत जास्त बिघडते तीही खर्जातच. याचे कारण खोलीच्या मापांत आहे. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. समोरासमोरच्या दोन भिंतींमधील अंतराच्या दुप्पट तरंगलांबी असलेला स्वर त्या भिंतींमध्ये अडकून घुमतो. पाच मीटर लांबीच्या खोलीत हा स्वर सुमारे ३४ हर्ट्झचा, तर चार मीटर रुंदीसाठी सुमारे ४३ हर्ट्झचा असतो. त्यांच्या पटींतील स्वरही असेच वागतात. हे स्वर भिंतींजवळ आणि कोपऱ्यांत फुगतात, तर खोलीच्या मध्यभागी त्यांतील काही जवळजवळ नाहीसे होतात. त्यामुळे भिंतीला टेकून बसलेल्याला दणदणाट वाटतो आणि मधोमध बसलेला ‘खर्जच नाही’ म्हणत आवाज वाढवतो. दोघेही खरे सांगत असतात.

सबवूफर, म्हणजे फक्त खर्ज वाजवणारा वेगळा स्पीकर, कोपऱ्यात ढकलणे ही म्हणूनच दुहेरी चूक ठरते. तिथे तो खोलीतील जवळजवळ सर्व घुमणारे स्वर एकदम जागे करतो. योग्य जागा शोधण्याची सोपी पद्धत अशी: सबवूफर तात्पुरता आपल्या बसण्याच्या जागी ठेवावा, खर्जात चढउतार असलेले संगीत लावावे आणि जिथे तो ठेवता येण्याजोगा आहे अशा जागांवर कान जमिनीलगत नेऊन ऐकावे. जिथे प्रत्येक स्वर सारखा आणि आटोपशीर ऐकू येईल, तिथे सबवूफर बसवावा. सुमारे ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कोणत्या दिशेने येतो हे कानाला सहसा ओळखता येत नाही, त्यामुळे सबवूफर टीव्हीजवळच हवा असा आग्रह धरण्याचे कारण नाही.

मुख्य स्पीकरच्या बाबतीत मधले अंतर फसवे असते. स्पीकरचा दर्शनी भाग मागच्या भिंतीपासून एक मीटरवर असेल, तर भिंतीवरून परतणारी लाट सुमारे ८६ हर्ट्झच्या आसपास मूळ लाटेला छेद देते आणि नेमका तिथला भरीवपणा जातो. हे टाळण्यासाठी घरात दोन मीटर जागा सोडणे क्वचितच जमते. अशा वेळी स्पीकर भिंतीच्या शक्य तितका जवळ नेणे आणि त्यामुळे वाढलेला खर्ज सेटिंगमधून कमी करणे हा अधिक व्यवहार्य मार्ग आहे.

खर्ज अगदीच पोकळ वाटत असेल आणि गायकाचा आवाज दोन स्पीकरच्या मधून न येता चहूकडे विखुरल्यासारखा वाटत असेल, तर एका स्पीकरच्या तारा उलट जोडल्या गेल्याची शक्यता मोठी आहे. अ‍ॅम्प्लिफायर बंद करून फक्त एकाच स्पीकरच्या लाल व काळ्या तारांची अदलाबदल करावी आणि पुन्हा ऐकावे.

कमी आवाजासाठी यंत्रणा न जुळवणे

आवाज कमी केला की कानाची खर्जाविषयीची संवेदना मधल्या स्वरांच्या तुलनेत बरीच जास्त घटते. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये ही गोष्ट मोजून मांडली. दिवसा मोठ्या आवाजात जुळवलेली यंत्रणा रात्री निर्जीव वाटते ती यामुळे. उपकरणात ‘लाउडनेस’ची, म्हणजे कमी आवाजात खर्ज उचलून देणारी, सोय असेल, तर ती अशाच वेळी वापरावी आणि आवाज वाढवताना बंद करावी.

चित्रपटांचे दुखणे वेगळे आहे. संवाद ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवावा, तर पुढच्याच क्षणी स्फोटाच्या आवाजाने घर जागे होते. उपकरणातील ‘नाइट मोड’ हळू आणि मोठ्या आवाजांतील हे अंतर कमी करतो. मधला स्पीकर असल्यास त्याची पातळी दोन-तीन डेसिबल वाढवावी. मधला स्पीकर नसताना रिसीव्हरच्या, म्हणजे स्पीकरना आवाज वाटून देणाऱ्या यंत्राच्या, सेटिंगमध्ये मात्र तो ‘आहे’ असे नोंदले गेले असेल, तर त्याच्या वाट्याचे संवाद कुठेच जात नाहीत. हे आधी पाहावे. साउंडबारसमोर फोटोची चौकट किंवा टीव्हीचा पाया आला असल्यास तोही हलवावा. आवाज ओठांच्या मागे पडत असेल, तर ब्लूटूथऐवजी तार वापरून पाहावी.

फोम लावला म्हणजे आवाज बाहेर जाणार नाही, असे समजणे

ही समजूत मला सर्वांत जास्त खटकते, कारण त्यात पैसे जातात आणि शेजाऱ्यांची झोप काही परत येत नाही. भिंतीवरचा पाच सेंटिमीटरचा फोम खोलीतील मधले आणि उच्च स्वरांचे प्रतिध्वनी शोषतो; भिंत ओलांडणारा खर्ज त्याच्या आवाक्यात येत नाही. आवाज अडवण्यासाठी वजन आणि हवाबंदपणा लागतो. दाराखालची फट बंद करणे हा स्वस्त आणि गुणकारी उपाय आहे. जमिनीतून खाली जाणारी थरथर कमी करण्यासाठी सबवूफरखाली मऊ, लवचीक आधार द्यावेत. गालिचा आणि जाड पडदे खोलीतील कर्कशपणा जरूर घटवतात. त्यांच्याकडून तेवढीच अपेक्षा ठेवावी.

तारा, उष्णता आणि गुणगुण

स्पीकरची तार चालण्याच्या वाटेवर गालिच्याखालून नेऊ नये, कारण पायाखाली तिचे आवरण झिजते. ८ ओहमच्या स्पीकरसाठी दहा मीटरपर्यंत १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार पुरेशी असते. अ‍ॅम्प्लिफायर बंद कपाटात कोंडू नये आणि त्याच्यावर किमान दहा सेंटिमीटर मोकळी जागा असावी. सतत गुणगुण येत असेल, तर जोडलेली उपकरणे एकेक करून काढून दोषी जोडणी शोधावी. प्लगची अर्थिंगची पिन तोडण्याचा उपाय जिवावर बेतू शकतो. उंच स्टँडवरचे स्पीकर, विशेषतः लहान मुले असलेल्या घरात, भिंतीला बांधून ठेवावेत.

मांडणी पूर्ण झाल्यावर रात्रीच्या नेहमीच्या आवाजात संवाद असलेले काहीतरी लावावे, सोफ्यावरच्या प्रत्येक जागी थोडा वेळ बसून ऐकावे आणि मग झोपायच्या खोलीत जाऊन दार लावून ऐकावे. तिथे खर्ज ऐकू येत असेल, तर सबवूफरची पातळी तो नाहीसा होईपर्यंत कमी करावी आणि आवाजाचा तो आकडा घरातील सर्वांना सांगून ठेवावा.