माहितीपटासाठी कॅमेरा निवडताना: मुंबईत पहिलं शूट करणाऱ्यांसाठी

माहितीपटासाठी कॅमेरा शोधणारे बहुतेक नवे दिग्दर्शक सेन्सरपासून, म्हणजे चित्र टिपणाऱ्या चिपपासून, सुरुवात करतात. फुलफ्रेम की त्याहून लहान सुपर ३५, ४के की ६के, यातच आठवडे जातात. आधी वेगळ्याच गोष्टी कागदावर लिहा: शूट कुठे होणार, कॅमेऱ्यामागे किती माणसं असणार आणि सलग किती वेळ रेकॉर्डिंग चालणार. माहितीपटात रिटेक नसतो. समोरचा माणूस मनापासून बोलायला लागला की दहा सेकंदांत जो रेकॉर्डिंगला तयार असतो, तोच कॅमेरा उपयोगाचा.

परळ-लालबागच्या चाळीतली खोली धरा, दहा बाय दहा किंवा दहा बाय बारा. भिंतीला पाठ टेकवून उभे राहिलात तरी बोलणारा माणूस फार तर आठ फुटांवर असतो. सुपर ३५ सेन्सरवर १८ मिमी लेन्स लावली तर तेवढ्या अंतरावर सुमारे साडेदहा फूट रुंदी फ्रेममध्ये येते. ३५ मिमीने जेमतेम सव्वापाच फूट. म्हणून पहिली लेन्स १८-५० एफ २.८ सारखी झूम असावी (एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त). प्राइम, म्हणजे झूम नसलेल्या, लेन्सचा संच देखणा असतो, पण लेन्स बदलेपर्यंत बोलण्याचा धागा तुटतो आणि प्रत्येक वेळी सेन्सरवर धूळ बसायची संधी मिळते.

उजेडाचा विचार आयएसओच्या, म्हणजे उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील आहे त्याच्या, आकड्यांवरून करा. लॉग म्हणजे रंग नंतर सुधारता यावेत म्हणून फिकट रेकॉर्ड केलेलं चित्र, आणि मूळ आयएसओ म्हणजे ज्यावर सेन्सर सर्वांत स्वच्छ चित्र देतो तो आकडा. सोनी एफएक्स३०चे लॉगमधले दोन मूळ आयएसओ ८०० आणि २५०० आहेत, एफएक्स३चे ८०० आणि १२८००, ब्लॅकमॅजिक पॉकेट ४केचे ४०० आणि ३२००. तुमची निम्मी फिल्म पहाटेच्या मासळीबाजारात किंवा रात्रीच्या गल्ल्यांत घडत असेल तर एफएक्स३चा जादा खर्च सार्थकी लागतो. नाहीतर तो पैसा आवाजावर घाला. ब्लॅकमॅजिकचा रंग सुंदर, किंमत कमी. पण चालत्या माणसामागे फिरणारा सलग ऑटोफोकस नाही आणि बॉडीत स्थिरीकरणही नाही. ट्रायपॉडवरच्या मुलाखतींना तो उत्तम. एकट्याने गर्दीत फिरायचं असेल तर नको.

दुपारच्या उन्हाचा हिशेब फार कमी जण आधी करतात. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवून, लॉगमध्ये आयएसओ ८०० वर, भर उन्हात एफ ४ ला योग्य एक्स्पोजर हवं असेल तर साधारण आठ स्टॉपचा एनडी, म्हणजे उजेड कमी करणारा काळसर फिल्टर, लागतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). तो नसेल तर लोक शटर १/२००० वर नेतात आणि सगळी हालचाल तुटक दिसते. एफएक्स३, एफएक्स३० मध्ये एनडी नाही. लेन्सवर व्हेरिएबल, म्हणजे फिरवून गडद-फिकट करता येणारा, एनडी लावावा लागतो. स्वस्तातला व्हेरिएबल एनडी शेवटच्या टोकाला फिरवला की फ्रेममध्ये काळी फुली उमटते, आणि त्याच्या पोलरायझेशनमुळे काचेवरची, पाण्यावरची चमक बदलत राहते. खोलीतून गॅलरीत, गॅलरीतून रस्त्यावर असं सतत जायचं असेल तर आत एनडी असलेला कॅमेरा भाड्याने घ्या: सोनी एफएक्स६, कॅनन सी७०, किंवा मोठी झूम आणि लहान सेन्सर असलेला सोनी झेड९०. झेड९० जुन्या धाटणीचा दिसतो म्हणून नवी मंडळी त्याला नाकं मुरडतात. मोर्चा, मिरवणूक, कोर्टाबाहेरची गर्दी अशा शूटला त्याच्याइतकं सोयीचं यंत्र या किमतीत क्वचित सापडतं.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. म्हणून शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, नाहीतर ट्यूबलाइट पडद्यावर लुकलुकते. एलईडीचा मात्र भरवसा नाही. त्याचा ड्रायव्हर वेगळ्याच वेगाने चमकत असू शकतो. त्या जागी जाऊन मिनिटभर रेकॉर्ड करा आणि मोठ्या पडद्यावर बघा. लोकलच्या दारातून बाहेरचं दृश्य टिपणार असाल तर रोलिंग शटरही तपासा. सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, त्यामुळे वाचन संथ असेल तर रुळांलगतचे खांब तिरके होतात. आणि कॅमेरा कितीही लहान असला तरी स्टेशनात व गाडीत शूटसाठी रेल्वेची परवानगी घ्यावीच लागते.

आवाजाकडे दुर्लक्ष झालं की पुढे एडिटच्या टेबलावर काहीच करता येत नाही. अंधारलेलं चित्र प्रेक्षक सहन करतो, न समजणारं वाक्य नाही. कॅमेऱ्याला एक्सएलआर (व्यावसायिक माइकची तीन पिनांची) जोडणी आणि ४८ व्होल्टचं फँटम (माइकला कॅमेऱ्यातून मिळणारी वीज) आहे का, हे आधी बघा. एफएक्स३०ची नुसती बॉडी घेतली तर एक्सएलआरचं हँडल वेगळं घ्यावं लागतं. बोलणाऱ्याला कॉलर माइक आणि वर बूम (काठीवरचा माइक), दोन्ही वेगळ्या ट्रॅकवर, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटमध्ये घ्या. बोलण्याची शिखरं उणे १२ डीबीच्या आसपास ठेवा, कारण मुंबईत हॉर्न आणि प्रेशर कुकरची शिट्टी सांगून येत नाही. पंखा बंद करायला सांगायला संकोचू नका. हेडफोन कायम कानावर हवा. कॉलर माइक साडीच्या काठाला किंवा मंगळसूत्राला घासतोय, हे मीटरवर दिसत नाही.

डेटाचा हिशेब कॅमेरा ठरवण्याआधी करा. सेकंदाला १०० मेगाबिटचं रेकॉर्डिंग म्हणजे सेकंदाला १२.५ मेगाबाइट, तासाला ४५ जीबी. ६० तासांचं फुटेज झालं तर २.७ टीबी, आणि दोन प्रती म्हणजे ५.४. हेच २५० मेगाबिटच्या ऑल-इंट्रामध्ये (प्रत्येक फ्रेम स्वतंत्र साठवणाऱ्या पद्धतीत) केलं तर एकच प्रत पावणेसात टीबीची. माहितीपटाला १०० मेगाबिट, १० बिट पुरतं (बिट जास्त तितक्या रंगांच्या छटा जास्त). ८ बिटमध्ये लॉग वापरू नका, रंग सुधारताना आकाशात पट्टे पडतात. १०० मेगाबिटला व्ही३० (सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहिणारं) कार्ड पुरेसं. व्ही९० साठी जादा पैसे घालायचं कारण नाही. दोन कार्डांवर एकाच वेळी रेकॉर्ड होत असेल तर ती सोय चालू ठेवा, आणि चेकसम (प्रत मूळ फाइलशी जुळते का हे सांगणारा आकडा) तपासून दोन डिस्कवर प्रती झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नका. दोन्ही डिस्क एकाच बॅगेत नकोत.

बॅटरीचंही तसंच. पॉकेट ४केची एलपी-ई६ तासभर पुरेलच असं नाही. दिवसाच्या शूटला सहा-आठ लागतात, किंवा बाहेरून वीज द्यावी लागते. जुन्या स्टिल कॅमेऱ्यांत २९ मिनिटं ५९ सेकंदांनी रेकॉर्डिंग आपोआप थांबतं आणि पंखा नसलेली बॉडी मे महिन्यात तापून बंद पडू शकते. दीड तासाच्या मुलाखतीत हे परवडत नाही.

पावसाळ्यात एसी गाडीतून उतरलात की बॅग अर्धा तास बंदच ठेवा, नाहीतर लेन्सवर बाष्प धरतं. घरी ड्राय कॅबिनेटमध्ये आर्द्रता ४० ते ५० टक्के राहू द्या. बुरशी एकदा आतल्या काचेवर चढली की पुसून जात नाही.

वर्षभर तुकड्यातुकड्यांत शूट होणार असेल तर साधा कॅमेरा विकत घ्या. आठ-दहा दिवसांत सलग काम उरकणार असेल तर अंधेरी, ओशिवरा, आरामनगर भागातल्या रेंटलमधून भाड्याने आणा. सोबत अटेंडंट येणार का, त्याचा खर्च कोणाचा, तुटफुटीची जबाबदारी कोणाची, हे लेखी घ्या. लहान खोलीत तो एक जादा माणूस असतो, हेही ध्यानात ठेवा.

जुना कॅमेरा फोर्टच्या बोरा बाजारात बघायला गेलात तर स्वतःचं कार्ड न्या. लेन्सवर टोपी लावून जास्त आयएसओवर दोन मिनिटं रेकॉर्ड करा. काळ्या पडद्यावर रंगीत ठिपके राहिले तर सेन्सरचे पिक्सेल गेलेले असू शकतात. एचडीएमआयची केबल लावून हलवा, चित्र तुटता कामा नये. लेन्समधून टॉर्च मारून बुरशीची जाळी दिसते का बघा. बिलावरचा आणि बॉडीवरचा सीरियल नंबर जुळतो का, हे पैसे देण्याआधी तपासा. विमा काढताना ते बिल हाताशी हवं.