प्लॉट घेताना दलालाची दलाली टक्क्यात ठरवू नका

भुसावळला मोठ्या भावासाठी एन. ए. (बिगरशेती) प्लॉट बघत होतो, तेव्हा ही गोष्ट लक्षात आली. मालक वीस लाख सांगतो, दलाली दोन टक्के, म्हणजे चाळीस हजार. एजंटाने घासाघीस करून भाव अठरावर आणला तर आपले दोन लाख वाचतात आणि त्याचे चार हजार बुडतात. मग तो आपल्यासाठी कशाला भांडेल? त्यातून बऱ्याचदा तो मालकाकडूनही दलाली घेतो.

म्हणून असं करा:

१. पहिल्याच भेटीत सरळ विचारा, "भाऊ, समोरच्याकडून किती घेताय?"

२. दलाली ठरावीक रकमेत बोला. समजा पंचवीस हजार, आणि सांगितलेल्या भावातून जेवढं कमी करून देईल त्याच्या पाच टक्के वर. दोन लाख उतरवले तर त्याला आणखी दहा हजार मिळतात. आता भाव उतरण्यात त्याचाही फायदा.

३. हे कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. पैसे खरेदीखताची नोंदणी झाल्यावरच.

४. नोंदणी विभागाच्या ई-सर्च संकेतस्थळावर त्याच गटातल्या जुन्या व्यवहारांचे इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा सारांश) बघा, त्यात मोबदल्याची, म्हणजे व्यवहार ज्या भावाने झाला ती, रक्कम असते. गट नंबर हाताशी ठेवा.

एक सांभाळा: मूळ भाव मालकाच्या तोंडूनच ऐका. नाहीतर एजंट आधी बावीस सांगून वीसवर "उतरवून" देईल. आणि इसाराची (सौदा पक्का करायची आगाऊ) रक्कम त्याच्या हातात देऊ नका, थेट मालकाच्या खात्यात टाका.