शाळा म्हणाली "दाखला काढून न्या", तर या चुका टाळा

पोराला शाळेने काढलं म्हणून माझ्याकडे जे पालक येतात त्यातल्या बऱ्याच जणांनी खरं तर स्वतःच्याच सहीने त्याला काढलेलं असतं. ऐकून राग येतो त्यांना.

आठवीपर्यंतच्या मुलाला शाळा काढू शकत नाही, शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 16. 2019 ला हे कलम बदललं ते नापास करण्यापुरतं, काढून टाकायला बंदी आजही आहे. मुख्याध्यापकांना हे बरोबर माहीत असतं, म्हणून ते काढतच नाहीत, तुमच्याकडून अर्ज लिहून घेतात.

आमच्या गल्लीतला सातवीतला पोरगा, वर्गात मारामारी झाली, समोरच्याचा चष्मा फुटला. बापाला बोलावलं, क्लार्कने कोरा कागद पुढे सरकवला आणि मजकूरही त्यानेच सांगितला, "घरगुती कारणास्तव माझ्या पाल्याचा दाखला मिळावा". बाप रिक्षा बाहेर लावून आलेला, म्हणाला कटकट नको, टाकली सही. आधी आईवरून शिवी कोणी दिली होती हे पोराला कोणी विचारलंच नाही. पुढे तक्रार केली तर शाळेने तोच अर्ज दाखवला, मग कोण काय बोलणार?

त्या दिवशी काहीच लिहू नका. "घरी बोलून कळवतो" म्हणा आणि उठा. दुसऱ्या दिवशी आपला अर्ज द्या, आरोप काय, कोणी पाहिलं, मुलाचं म्हणणं कधी ऐकणार, लेखी कळवा. दोन प्रती काढा, आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक नंबर. "ठेवून जा" म्हणाले तर ठेवायचा नाही, घेतच नसतील तर सरळ स्पीड पोस्ट. माझ्याकडे अशा पोचपावत्यांची फाईलच आहे, बायको हसते, हसू दे.

नगरसेवकाला फोन लावणं हा शॉर्टकट मला मुळीच पटत नाही, साहेब फोन करतात, शाळा "हो हो" म्हणते, कागदावर काहीच येत नाही.

व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसऱ्या मुलाचं नाव टाकू नका. कळलं?

शिक्षकांनी मारलं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरचा कागद. याच कायद्याच्या कलम 17 च्या बंदीत मारणं आणि मानसिक छळ दोन्ही येतं, "आम्ही पण मार खाऊनच शिकलो" हे पुराण घरी सांगा.

लेखी तक्रार जिल्हा परिषदेकडे किंवा महापालिकेकडे, निर्णयाला कायद्यात तीन महिने आहेत, त्यावर अपील राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे. चौथ्या दिवशी "काय झालं" विचारणाऱ्यांना मी उत्तर देत नाही.

नववी-दहावीला कलम 16 चालत नाही, आणि 2014 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने अल्पसंख्याक शाळाही या कायद्यातून बाहेर आहेत, तेव्हा भांडायला जायच्या आधी इयत्ता आणि शाळा कुठली ते बघा.