वॉर्ड चकाचक, तरी जंतू तिथंच! सफाईतल्या या चुका टाळा

पावसाळ्यात बेळगावजवळच्या खानापूरकडून येणाऱ्या नातेवाइकांच्या चपलांबरोबर लाल माती हॉस्पिटलच्या वॉर्डात येते आणि सफाईचा सगळा जोर फरशीवर जातो. पण औषधांना दाद न देणारे जंतू पसरतात ते मुख्यतः हातांवरून. खाटेचा कठडा, लॉकरची मूठ, सलाईनचा स्टँड, मॉनिटरची बटणं, नळ, हात सारखे लागतात ते इथं. अ‍ॅसिनेटोबॅक्टर हा जंतू तर कोरड्या पृष्ठभागावर कित्येक आठवडे तग धरतो. फरशी रोज तीनदा आणि कठडा फक्त डिस्चार्जच्या दिवशी, हा हिशेब उलटा आहे.

हायपोक्लोराईट, म्हणजे क्लोरीनचं जंतुनाशक औषध, अंदाजानं ओतू नका. कॅनवर ५ टक्के लिहिलं असेल तर १०० मिली औषध आणि ४.९ लिटर पाणी घ्या, म्हणजे ०.१ टक्के द्रावण होतं. १० टक्क्यांचा कॅन आला, तर औषध निम्मंच घ्यायचं. बादलीवर ५ लिटरची रेघ रंगवा, मापाचा कप तिथंच टांगा, सूचना कन्नड आणि मराठी दोन्हींत लावा. द्रावण रोज ताजं, गार पाण्यात. अथणी-रायबागच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवलेल्या कॅनमधला क्लोरीन झपाट्यानं कमी होतो. माप बरोबर असूनही गुण येत नाही तो यामुळे. द्रावणात फिनाईल मिसळू नका (वास आला म्हणजे सफाई झाली, ही समजूत काही जात नाही). टॉयलेटचं अ‍ॅसिड तर चुकूनही नको, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

रक्त सांडलं असेल तर हातमोजे घालून आधी टिपा, साबणानं पुसा आणि मगच ०.५ टक्के द्रावण लावा. घाणीवर ओतलेलं औषध घाणीतच खर्ची पडतं.

सगळ्यात जास्त घोटाळा वेळेचा. पृष्ठभाग १० मिनिटं ओला राहायला हवा. डोक्यावर पंखा गरगरत असला की कठडा बघता बघता वाळतो. पंखा बंद करा, फडकं नीट भिजलेलं घ्या, मध्येच वाळलं तर पुन्हा ओला हात फिरवा. नंतर साध्या पाण्यानं पुसा, नाहीतर लोखंड गंजतं.

फडक्याची दोनदा घडी घातली की ८ स्वच्छ बाजू मिळतात. वरून खाली, स्वच्छ भागाकडून घाण भागाकडे पुसत जा आणि बाजू मळली की पालटा. वापरलेलं फडकं पुन्हा बादलीत बुडवलं की पुढच्या खाटेला मागच्या खाटेचे जंतू मिळतात. एका खाटेला एक फडकं, मग थेट धुण्यात.

एवढं करूनही तोच जंतू कल्चरमध्ये (जंतू वाढवून पाहायच्या लॅब तपासणीत) परत येत असेल, तर गादीच्या रेक्झिनला चीर आहे का ते पाहा; आत झिरपलेलं वरून पुसून निघत नाही. पडदे शेवटचे कधी धुतले, तेही विचारा. आणि हात धुण्याच्या बेसिनमध्ये उरलेलं डेक्स्ट्रोज (साखरेचं सलाईन) कोण ओततं ते शोधा. त्या साखरेवर पाइपातला जंतूंचा थर पोसला जातो आणि नळ सोडला की शिंतोडे शेजारच्या ट्रेवर येतात.