सुट्टीतली घरकामं: तक्ता काढून टाकला, तेव्हा जमलं

सुट्टी लागली की मी दरवर्षी फ्रीजवर कामांचा तक्ता लावायचे. रोज नवं काम, रोज वेगळं नाव. तिसऱ्या दिवसापासून "आज माझी पाळी नाही" सुरू व्हायचं आणि माझा अर्धा दिवस आठवण करून देण्यात जायचा.

यंदा तक्ताच काढून टाकला. प्रत्येकाला एकच काम दिलं, पण अख्खं आणि महिनाभरासाठी. 11 वर्षांच्या मुलीकडे कपडे: मशीन लावणं, वाळत घालणं, घड्या करून ज्याच्या त्याच्या कपाटात ठेवणं. 7 वर्षांच्या मुलाकडे पाण्याच्या बाटल्या आणि कुंड्या. काम बदलत नाही म्हटल्यावर पाळीचा वादच उरला नाही.

खरी अडचण वेगळीच होती. काम "झालं" म्हणजे नेमकं काय, हे मी त्यांना कधी दाखवलंच नव्हतं. मग पहिले 3 दिवस सगळं त्यांच्यासोबत केलं, चौथ्या दिवशी नुसतं पाहिलं, नंतर बाजूला झाले. वाकड्या घड्या पुन्हा घालायच्या नाहीत, हे मला सगळ्यात जड गेलं. एकदा घातल्याच, तर दुसऱ्या दिवशी मुलगी कपड्यांना हात लावेना. तिची माफी मागितली.

वेळ घड्याळाची ठेवली नाही. नाश्त्यानंतर आणि टीव्हीच्या आधी, एवढंच. गॅस, इस्त्री आणि फिनाईल मात्र माझ्याकडेच.

काल मुलाने कुंडीतल्या मातीत बोट खुपसून पाहिलं आणि म्हणाला, "ओली आहे, आज पाणी नको." हे त्याला मी शिकवलं नव्हतं.